झाकली मूठ आणि पडलेले विमान



मराठी सभेत हेरगिरीवर बोलायचे तर बहिर्जी नाइकांपासून सुरुवात करायचा रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे. हेर माणूस असेल तर पकडला गेल्यावर त्याला नाकारता येते. ‘हा आमचा नव्हेच’ असे म्हटले की दरबार मोकळा. विमान असे नाकारता येत नाही. ते पडते ते इंजिन, कॅमेरा, फिल्मची रिळे आणि कारखान्याचे शिक्के मारलेले शेकडो सुटे भाग घेऊन, तेही दुसऱ्याच्या शेतात. मग ज्यांनी ते पाठवले त्यांना काहीतरी बोलावे लागते, आणि ज्यांच्याकडे पडले त्यांनाही बोलावेच लागते. त्या बोलण्यातून काय काय बाहेर पडते, हा आजचा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहायला नको. टेहळणी विमानाचे गुपित शत्रूपासून फार काळ राखता येत नाही, आणि बहुतेक वेळा राखलेलेही नसते. शत्रूचे रडार ते पाहत असते. अंधारात असतात ते दोन्हीकडचे नागरिक. दोन वैरी सरकारे एकमेकांना न विचारता एक मूक करार पाळत असतात आणि विमान पडले की तो करार मोडतो.

उदाहरण म्हणून यू-२ हे अमेरिकी टेहळणी विमान घेऊ. जुलै १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सोव्हिएत नेत्यांपुढे प्रस्ताव ठेवला होता, की आपण दोघे एकमेकांना आपापल्या देशावरून विमाने नेऊन फोटो काढू देऊ. सोव्हिएत नेत्यांनी तो फेटाळला. त्याच उन्हाळ्यात नेवाडाच्या वाळवंटात, ग्रूम लेक नावाच्या कोरड्या तळ्यावर, एका विचित्र विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. लॉकहीड कंपनीच्या केली जॉन्सन यांनी ते रचले होते. पंखांचा विस्तार २४ मीटर, अंग सडपातळ, एखाद्या ग्लायडरला जेट इंजिन जोडावे तसे. ते ७०,००० फुटांवर, म्हणजे जमिनीपासून २१ किलोमीटर उंच, तासन् तास उडू शकत होते. त्या काळातले एकही लढाऊ विमान तिथे पोहोचत नव्हते. प्रकल्प हवाई दलाचा नव्हता, तो सीआयएचा होता. वैमानिक हवाई दलातले, पण त्यांनी कागदोपत्री राजीनामे दिलेले आणि लॉकहीडच्या पगारावर आलेले. हा वेष पालटण्याचा उपद्व्याप कशासाठी? उत्तर लगेच मिळते.

४ जुलै १९५६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, यू-२ पहिल्यांदा सोव्हिएत हद्दीत शिरले आणि लेनिनग्राडवरून फिरून आले. दुसऱ्या दिवशी दुसरे उड्डाण थेट मॉस्कोवरून झाले. इतक्या उंचीवरचे विमान सोव्हिएत रडारला नीट दिसणार नाही, असा तज्ज्ञांचा होरा होता. तो पहिल्याच दिवशी खोटा ठरला. १० जुलैला मॉस्कोचा निषेधखलिता वॉशिंग्टनला पोहोचलासुद्धा. अमेरिकेचे उत्तर असे, की आमचे कोणतेही लष्करी विमान तुमच्या हद्दीवरून गेलेले नाही. हे वाक्य अक्षरशः खरे होते. विमान लष्करी नव्हते ना! राजीनामे घेतले होते ते अशा वाक्यांसाठी. मुत्सद्देगिरीत खोटे न बोलता खोटे बोलण्याची कला असते, तिचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

पुढची चार वर्षे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यासाठी तोंड दाबून बुक्क्यांचा मार होती. विमान येते, रडारवर दिसते, मिग विमाने जीव तोडून वर चढतात आणि कित्येक हजार फूट खालूनच परत फिरतात. जाहीर बोंब मारावी तर साऱ्या जगाला कळणार, की सोव्हिएत संघाला स्वतःचे आकाश राखता येत नाही. क्वचित एखादा खलिता जायचा. एरवी चूप. सप्टेंबर १९५९ मध्ये ख्रुश्चेव्ह अमेरिकेत गेले, कॅम्प डेव्हिडला आयझेनहॉवर यांचे पाहुणे म्हणून राहिले, आणि यू-२ चा विषय त्यांनी काढलाच नाही. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोघांनीही टाळली.

आयझेनहॉवर यांचीही पंचाईत होती. सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांची संख्या अमेरिकेहून कितीतरी जास्त आहे, अशी ओरड अमेरिकेत तेव्हा चालू होती. यू-२ च्या फोटोंनी ती फोल ठरवली, तळांवर तेवढी विमाने नव्हतीच. नंतर हीच ओरड क्षेपणास्त्रांबद्दल झाली आणि केनेडी यांनी १९६० च्या निवडणुकीत तिचा पुरेपूर वापर केला. अध्यक्षांच्या कपाटात फोटो होते, पण दाखवायची सोय नव्हती. ‘तुम्हाला कसे कळले?’ या साध्या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. कोट्यवधी डॉलर खर्चून मिळवलेले ज्ञान असे मतदारांपासून लपवून ठेवावे लागले. लोकशाहीत गुप्ततेची किंमत मोजायची झाली तर पहिली नोंद मी इथे करीन.

गुपित किती पातळ होते याची एक गंमत सांगतो. सप्टेंबर १९५९ मध्ये एक यू-२ इंधन संपल्याने जपानमधल्या फुजिसावा इथल्या ग्लायडरच्या मैदानावर उतरले. विमानावर कसलीही खूण नव्हती. हौशी जपानी ग्लायडरवाले कॅमेरे घेऊन गोळा झाले. थोड्याच वेळात रंगीबेरंगी हवाईयन शर्ट घातलेले, हातात बंदुका घेतलेले अमेरिकी रक्षक आले आणि त्यांनी सगळ्यांना मागे हटवले. हवामान मोजणाऱ्या विमानाला बंदुकीचा पहारा कशाला, हा प्रश्न जपानी पत्रकारांना पडलाच. जगाला तो आठ महिन्यांनी पडला.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. १६ मे १९६० रोजी पॅरिसमध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि फ्रान्स या चौघांची शिखर परिषद भरणार होती. बर्लिनचा प्रश्न होता, अणुचाचणीबंदीची बोलणी होती. परिषदेच्या तोंडावर असले उड्डाण नको, असे आयझेनहॉवर यांना मनापासून वाटत होते. त्याआधीच त्यांनी आपल्या सल्लागारांपाशी बोलून दाखवले होते, की माझ्यापाशी भांडवल एकच आहे, प्रामाणिक माणूस ही ख्याती. बोलणी चालू असताना असे विमान कुठे पडले तर ती मातीला मिळेल. तरीही त्यांनी एका उड्डाणाला परवानगी दिली. १ मेनंतर एकही उड्डाण नको, ही अट होती. हवामान खराब असल्यामुळे दिवस पुढे पुढे ढकलला गेला आणि नेमका शेवटचा दिवस उरला. तो सोव्हिएत संघाचा मोठा सणाचा दिवस. हवाई वाहतूक तुरळक, त्यामुळे रडारच्या पडद्यावर परके विमान उठून दिसणारे.

वैमानिक होता फ्रान्सिस गॅरी पॉवर्स. पेशावरहून निघायचे, बैकोनूरचे प्रक्षेपणस्थळ, उरलमधले स्वेर्दलोव्स्क, उत्तरेकडचे प्लेसेत्स्क टिपत नॉर्वेतल्या बोदो विमानतळावर उतरायचे, असा सुमारे ६,००० किलोमीटरचा मार्ग होता. अंतिम होकार यायला उशीर झाला आणि पॉवर्स घामाने थबथबलेल्या दाबपोशाखात धावपट्टीवर बसून राहिले. निघाले ते ६ वाजून २६ मिनिटांनी. स्वेर्दलोव्स्कजवळ एस-७५ क्षेपणास्त्र विमानाच्या मागे फुटले. शेपूट गेले, पंख तुटले, विमान गरगरत खाली येऊ लागले. इजेक्शन सीट वापरावी तर पाय कापले जातील अशा अवस्थेत ते अडकले होते. कॉकपिटचे झाकण उघडताच ते बाहेर फेकले गेले. ऑक्सिजनची नळी गुंतली होती आणि विमान नष्ट करण्याच्या कळांपर्यंत हात पोहोचला नाही. पॅराशूटने ते एका सामुदायिक शेतात उतरले. शेतकऱ्यांना वाटले, आपलाच कुणी वैमानिक असेल. त्यांनी त्यांना उठवले, सावरले.

वॉशिंग्टनमध्ये एकाच गोष्टीची खात्री होती, की वैमानिक जिवंत नसणार. एवढ्या उंचीवरून पडलेला माणूस वाचत नाही आणि विमानाचा चुरा होतो, हे सीआयएने अध्यक्षांना वर्षानुवर्षे सांगितले होते. त्या खात्रीवर पुढचा सगळा बनाव उभा राहिला. तो तयारच होता, नुसता फाइलमधून काढायचा होता. ५ मे रोजी ख्रुश्चेव्ह यांनी सुप्रीम सोव्हिएतपुढे सांगितले, की एक अमेरिकी विमान आम्ही पाडले आहे. वैमानिकाबद्दल ते मुद्दाम चकार शब्द बोलले नाहीत. त्याच दिवशी नासाने पत्रक काढले: आमचे हवामान-संशोधनाचे विमान तुर्कस्तानातल्या अदानाहून निघाले होते, वैमानिकाने व्हॅन सरोवराच्या परिसरात ऑक्सिजनची तक्रार कळवली होती, तो बेशुद्ध पडला असावा आणि विमान आपोआप भरकटले असावे. दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियात एका यू-२ वर नासाची अक्षरे रंगवून ते पत्रकारांना दाखवण्यात आले. परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने सांगितले, की सोव्हिएत हद्द जाणूनबुजून ओलांडण्याचा काहीही प्रयत्न झालेला नाही.

यातला वेळेचा खेळ विलक्षण आहे. मॉस्कोतल्या एका दूतावासाच्या मेजवानीत एका सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्र्याच्या तोंडून निसटले, की वैमानिकाची चौकशी चालू आहे. ते ऐकले स्वीडनच्या राजदूतांनी. तिथून ते अमेरिकेचे राजदूत टॉम्पसन यांच्या कानी आले आणि त्यांनी तातडीने तार केली. तार पोहोचली तेव्हा नासाचे पत्रक वाटून झाले होते.

७ मे रोजी ख्रुश्चेव्ह यांनी मूठ उघडली. वैमानिक जिवंत आहे, आमच्याकडे आहे, फिल्म आहे, विषाची सुई आहे, रूबलच्या नोटा आहेत. सभागृहात हशा आणि टाळ्या. सोव्हिएत बाजू तरी धुतल्या तांदळाची होती का? आदल्या दिवशी त्यांनी विमानाचे अवशेष म्हणून जो फोटो जगभर पाठवला होता, तो भलत्याच विमानाचा होता. केली जॉन्सन यांनी तो पाहिल्याबरोबर सांगितले, हे माझे विमान नव्हे.

त्यानंतरचे चार दिवस माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहेत. आयझेनहॉवर यांच्यापुढे दोन वाटा होत्या. हाताखालच्या लोकांनी परस्पर केले म्हणायचे, कुणाला तरी काढून टाकायचे आणि नामानिराळे राहायचे. ख्रुश्चेव्ह यांनी हीच वाट त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती. अध्यक्षांना माहीत नसावे, असे ते स्वतःच म्हणत होते. मुत्सद्देगिरीच्या भाषेत ती सोयीची फट होती. दुसरी वाट खरे बोलण्याची. ११ मे रोजी आयझेनहॉवर यांनी जाहीरपणे जबाबदारी घेतली आणि असली टेहळणी अप्रिय असली तरी आवश्यक आहे, असे सांगितले. अनेक अभ्यासकांना ही त्यांची मुत्सद्देगिरीतली घोडचूक वाटते. मला तसे वाटत नाही. माझ्या परवानगीशिवाय माझे अधिकारी परक्या देशावर विमाने पाठवतात, असे अण्वस्त्रधारी देशाच्या प्रमुखाने म्हणणे हे खोटे तर होतेच, पण त्याहून भयंकर होते. मात्र त्यांच्या खरेपणाने ख्रुश्चेव्ह यांची फट बुजली, हेही मान्य केले पाहिजे. मायदेशातल्या आणि पेकिंगमधल्या कडव्या मंडळींसमोर त्यांना आता मऊ राहता येईना. पॅरिसमध्ये ख्रुश्चेव्ह यांनी माफीची मागणी केली. आयझेनहॉवर म्हणाले, उड्डाणे थांबवली आहेत, माफी नाही. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ख्रुश्चेव्ह यांना खोचकपणे सुनावले, की तुमचा उपग्रह आमच्या फ्रान्सवरून परवानगी न घेता फिरतोच आहे. परिषद सुरू होण्याआधीच संपली. आयझेनहॉवर यांची ठरलेली रशियाभेटही रद्द झाली.

या भांडणात खरी कुचंबणा झाली ती ज्यांच्या अंगणातून विमान गेले त्यांची. ९ मे रोजी मॉस्कोतल्या चेकोस्लोव्हाक दूतावासातल्या समारंभात ख्रुश्चेव्ह यांनी पाकिस्तानच्या राजदूतांना बजावले, की पेशावरभोवती आम्ही नकाशावर लाल वर्तुळ काढून ठेवले आहे. नॉर्वेने अमेरिकेकडे निषेध नोंदवला. जपानमध्ये सुरक्षा कराराविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लोकांना नवे कोलीत मिळाले आणि जुलैत यू-२ विमाने तिथून हलवावी लागली. पेशावरजवळच्या बडाबेरचा तळ अमेरिकेने १९५९ मध्ये दहा वर्षांसाठी घेतला होता. मुदत वाढवायला पाकिस्तानने १९६८ मध्ये नकार दिला. त्यामागे इतरही कारणे होती, पण ते लाल वर्तुळ रावळपिंडी विसरली असेल असे मला वाटत नाही.

एका माणसाचे नाव मात्र त्या गदारोळात कुणीच घेतले नाही. सेर्गेई सफ्रोनोव्ह. पॉवर्सच्या पाठलागावर निघालेला सोव्हिएत मिग-१९ चा वैमानिक. यू-२ पडल्याचे जमिनीवरच्या तुकड्यांना वेळेत कळले नाही, क्षेपणास्त्रे सुटत राहिली आणि त्यातल्या एकाने आपल्याच सफ्रोनोव्हला मारले. मॉस्कोने पॉवर्सच्या विमानाचे तुकडे गॉर्की पार्कमध्ये मांडले, लोकांनी रांगा लावून ते पाहिले. सफ्रोनोव्हचे मरण कित्येक वर्षे जाहीर झाले नाही. अमेरिकेने आपले विमान लपवले, सोव्हिएत संघाने आपला मृत वैमानिक. मघाशी मी ज्याला मूक करार म्हटले, त्याची ही दुसरी बाजू.

पॉवर्स यांचा खटला ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या हॉल ऑफ कॉलम्समध्ये चालला. १९ ऑगस्टला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच तारखेला हवाईजवळ समुद्रावर एका अमेरिकी विमानाने पॅराशूटने खाली येणारी एक कुपी हवेतच झेलली. तिच्यात कोरोना या गुप्तहेर उपग्रहाने काढलेली फिल्म होती. सोव्हिएत संघावरून यू-२ ची २४ उड्डाणे झाली होती. त्या सगळ्यांनी मिळून जेवढा प्रदेश टिपला त्याहून जास्त त्या एका फिल्मवर होता. पाळत थांबली नाही, ती फक्त अशा उंचीवर गेली जिथून काही पडत नाही आणि पडले तरी वैमानिक सापडत नाही. मग खलितेही आले नाहीत.

१० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनच्या ग्लिनिके पुलावर रुडॉल्फ आबेल या सोव्हिएत हेराच्या बदल्यात पॉवर्स सुटले. घरी त्यांचे स्वागत थंड झाले. सुई का टोचून घेतली नाही, असे लोक विचारत. ती टोचण्याचा हुकूम त्यांना कधीच नव्हता. सिनेटच्या समितीने त्यांना निर्दोष ठरवले, पण कुजबूज संपली नाही. १९७७ मध्ये लॉस एंजलिसमध्ये एका वृत्तवाहिनीचे हेलिकॉप्टर चालवताना ते अपघातात गेले. सिल्व्हर स्टार हे पदक त्यांच्या कुटुंबाला मिळाले २०१२ मध्ये. ज्या सरकारने ५ मेला त्यांना हवामानखात्याचा बेशुद्ध वैमानिक ठरवले, त्याला त्यांचे शौर्य मान्य करायला ५२ वर्षे लागली.

हे सगळे परदेशातले झाले, आपले काय, असे कुणी विचारील. आपलेही आहे. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, भारतीय हवाई दलाचे एक कॅनबेरा टेहळणी विमान रावळपिंडीच्या परिसरात पाकिस्तानी सेबर विमानाने पाडले. त्यातले दोघे पॅराशूटने उतरले, पकडले गेले आणि लवकरच परत आले. विमान भरकटले असावे, असा दिल्लीचा सूर होता. त्यानंतर तेरा महिन्यांनी जगाने हाच शब्द वॉशिंग्टनकडून ऐकला. १० ऑगस्ट १९९९ रोजी, कारगिलच्या लढाईनंतर महिनाभरातच, कच्छच्या सीमेवर आपल्या मिग-२१ ने पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान पाडले. सोळा माणसे गेली. अवशेष कुठल्या बाजूला पडले यावरून दोन्ही देश भांडले, पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने जून २००० मध्ये १४ विरुद्ध २ मतांनी सांगितले, की हा खटला आमच्या अधिकारकक्षेतच येत नाही.

पण याहून मोठी गोष्ट ओडिशात घडली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर अलिप्ततावादी भारताने अमेरिकेकडे मदत मागितली, तेव्हा मिळालेल्या मदतीत यू-२ चे डोळेही होते. भारताच्या संमतीने ही विमाने थायलंडच्या ताखली तळावरून निघून सीमाभागाचे फोटो घेऊ लागली. पुढे भारताने कटकजवळच्या चारबाटियाची दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी देऊ केली. तिथून पहिले उड्डाण झाले २४ मे १९६४ रोजी. तीन दिवसांनी पंडित नेहरू गेले आणि काम थांबले. डिसेंबरमध्ये विमाने पुन्हा आली, आणखी काही उड्डाणे झाली, आणि १९६७ मध्ये अमेरिकी तुकडीने तळ सोडला. यातल्या बहुतेक काळात संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणत होता, तेव्हा त्या हिमालयावरून ही विमानेही उडत होती.

पेकिंगला ती ठाऊक होती का? तैवानच्या वैमानिकांनी चालवलेली यू-२ विमाने चीनने सप्टेंबर १९६२ पासून पाडायला सुरुवात केली होती आणि त्यांचे सांगाडे राजधानीत प्रदर्शनाला मांडले होते. वर काय उडते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. चारबाटियाहून गेलेले एकही विमान तिबेटात पडले नाही, म्हणून आपल्या संसदेत पेशावरसारखा प्रश्न उभा राहिला नाही, अलिप्ततेचा हिशेब कुणी मागितला नाही. सीआयएच्या इतिहासकारांनी यू-२ प्रकल्पाचा अधिकृत इतिहास १९९२ मध्ये लिहिला, १९९८ मध्ये त्याची काटछाट केलेली प्रत बाहेर आली, आणि चारबाटियाची पाने ऑगस्ट २०१३ मध्ये उघडली. तीही दिल्लीने उघडली नाहीत; वॉशिंग्टनच्या एका संशोधन संस्थेने आठ वर्षे पाठपुरावा केला तेव्हा ती सीआयएला उघडावी लागली.